अल्पायुषी अरबी वाङ्मयीन नियतकालिकाचा इतिहास कोल्हापुरात बसून कसा लिहावा

‘हिवार’ हे बैरूतचं द्वैमासिक. पहिला अंक नोव्हेंबर १९६२चा. त्याच महिन्याच्या १८ तारखेला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. विद्यापीठ आजही उभं आहे. ‘हिवार’ १९६७ मध्ये बंद पडलं. संपादक तौफीक सायिग हा पॅलेस्टिनी कवी. पैसा ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेचा. ही संस्था १९५० साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाली आणि तिचं मुख्य कार्यालय पॅरिसला होतं. तिच्यामागे अमेरिकेची गुप्तहेर संघटना सीआयए उभी आहे, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एप्रिल १९६६ मध्ये छापलं आणि पुढच्या वर्षी ‘हिवार’चा शेवट झाला.

बहुतेक लेखांत ‘हिवार’बद्दल एवढंच येतं. पण सुदानी लेखक तय्यिब सालिह यांची ‘मौसिम अल्-हिजरा इलश्-शमाल’ ही कादंबरी १९६६ मध्ये पहिल्यांदा याच द्वैमासिकात छापली गेली. विसाव्या शतकातल्या अरबी कादंबऱ्यांत तिचं नाव सगळ्यात वर घेतलं जातं. पैशाची भानगड सांगताना ही कादंबरी तळटीपेत जाते, आणि कादंबरीचं कौतुक करताना पैसा विसरला जातो. म्हणून सुरुवातीलाच दोन वह्या करा: एक अंकांची, एक पैशाची. एकीतली नोंद दुसरीत पुरावा म्हणून वापरायची नाही. पुढचं सगळं काम या दोन वह्यांवर चालतं.

आधी घरचं मासिक

अरबी अंकाला हात घालण्याआधी एखाद्या बंद पडलेल्या मराठी मासिकावर हात बसवून घ्या. कोल्हापुरात त्यासाठी ‘विश्ववृत्त’सारखं दुसरं उदाहरण नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी आधी ‘ग्रंथमाला’ चालवली, मग ‘विश्ववृत्त’. त्यात श्री. दा. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरचा लेख छापला गेला, १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला आणि विजापूरकरांना तुरुंगात जावं लागलं. मासिक कशामुळे संपलं याचं उत्तर इथेही एका ओळीत देता येतं. म्हणूनच ती ओळ बाजूला ठेवून उरलेले अंक वाचण्याची सवय यावर होते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. जुन्या अंकांची चौकशी तिथं आणि विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात करा.

मराठी अंकावर काम करताना दोन गोष्टी हाताखालून जाऊ द्या. पहिली म्हणजे मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची ओळ. १८६७च्या कायद्यामुळे आपल्याकडे मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापणं बंधनकारक होतं (संपादकाचं नाव नंतर बंधनकारक झालं), त्यामुळे ती ओळ कुठेतरी असतेच. लेबनॉनच्या अंकात तिची जागा घेणारे तीन शब्द असतात: ‘साहिब अल्-इम्तियाझ’ म्हणजे परवान्याचा मालक, ‘रईस अत्-तहरीर’ म्हणजे मुख्य संपादक आणि ‘अल्-मुदीर अल्-मस्ऊल’ म्हणजे कायद्यापुढे जबाबदार असलेला व्यवस्थापक. ही तीन माणसं वेगवेगळी असू शकतात. परवाना एकाचा आणि संपादन दुसऱ्याचं, हे तिकडे नेहमीचं होतं. संपादकालाच मालक समजून लिहिलं की पुढची सगळी कारणमीमांसा ढासळते.

दुसरी गोष्ट फर्म्याचा हिशेब. अंक आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात, छापला जातो, म्हणून मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून आतली पानं साधारणपणे आठाच्या पटीत भरतात. तुमच्या हातातल्या प्रतीची पानं १५८ भरली, तर दोन पानं गेली असण्याची शक्यता मोठी. ती बहुधा जाहिरातींची, वर्गणीच्या दरांची किंवा शेवटच्या निवेदनाची असतात. इतिहास लिहिणाऱ्याला हवी असतात ती नेमकी हीच.

अंक मिळवणं

अरबी मासिकांचे जुने अंक कोल्हापुरात कागदावर मिळतील या आशेवर राहू नका. कुवेतचे मुहम्मद अश्-शारिख यांनी अरबी वाङ्मयीन आणि सांस्कृतिक मासिकांचा मोठा डिजिटल संग्रह उभा केला. ‘शारिख संग्रह’ या नावाने तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो, आणि अंक, लेखक, लेख अशा तिन्ही वाटांनी त्यात शोध घेता येतो. त्यानंतर इंटरनेट अर्काइव्ह पाहा.

शोध फसतो तो बहुतेक वेळा स्पेलिंगमुळे. रोमन लिपीत एकच नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. ‘हिवार’मधला ह हा घशातला ह आहे, कुठे त्याखाली टिंब देतात, कुठे देत नाहीत, कुठे ‘इ’च्या जागी ‘ए’ येतो. ‘सायिग’चंही तसंच. शोधाला बसण्याआधी नावाची निदान चार रूपं कागदावर लिहून घ्या आणि चारही टाकून पाहा. नावापुढचा ‘अल्-’ सूचीच्या क्रमात धरत नाहीत. ‘अल्-आदाब’ शोधायचं तर ते आ-खाली सापडतं.

अरबीत ‘प’ नाही. त्यामुळे कैरोच्या ‘अपोलो’ या कवितेच्या मासिकाचं नाव अरबीत ‘अबूलू’ असं उतरतं आणि सूचीत ब-च्या रूपाने नोंदलं जातं. सप्टेंबर १९३२ ते डिसेंबर १९३४ एवढंच आयुष्य लाभलेलं हे मासिक अहमद झकी अबू शादी यांनी चालवलं. ते पेशाने जंतुशास्त्रज्ञ होते आणि मधमाश्याही पाळत. नाव ‘प’ धरून शोधत बसलात तर हे मासिक सापडणारच नाही. ‘च’ आणि ‘ग’ यांचाही असाच घोळ होतो. पिकासो अरबीत ‘बीकासो’ होतो. अरबीवरून थेट देवनागरीत आणलेल्या पाश्चात्त्य नावांची वेगळी यादी ठेवा आणि शेवटी एकेक नाव मूळ रूपाशी ताडून घ्या.

अंक छापून घ्यायचे असतील तर झेरॉक्सवाल्याला आधीच सांगा की हा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला जातो. त्याचं मुखपृष्ठ आपल्या मलपृष्ठाच्या जागी असतं. न सांगता दिलं की स्पायरल डाव्या बाजूला बसतं आणि सगळा संच उलटा होतो. बांधणी उजव्या कडेला हवी. पानांची चित्रं स्वतः काढत असाल तर फाईलला ‘वर्ष-अंक-पान’ असं नाव द्या, म्हणजे ०१-०१-००१. पान म्हणजे छापील पान, चित्राचा क्रमांक नव्हे. मुखपृष्ठासाठी ‘मु’ आणि मलपृष्ठासाठी ‘मल’ लिहा. ग्रंथालयांत वर्षभराचे अंक एकत्र बांधताना बाइंडर बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातीची पानं काढून टाकतो, आणि डिजिटल प्रत अशाच बांधीव खंडावरून केलेली असते. म्हणून ‘मु’ आणि ‘मल’च्या फाईली नसतील तर तसं लगेच नोंदवा. नाहीतर सहा महिन्यांनी ‘या अंकात जाहिराती नव्हत्या’ असं चुकीचं वाक्य तुमच्याच हातून लिहिलं जाईल.

तारीख वाचणं

इथे जितक्या चुका होतात तितक्या दुसरीकडे कुठेच होत नाहीत, म्हणून जरा थांबून वाचा.

अंक म्हणजे आकडे, त्यांच्यापासून सुरुवात करू. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहाचा आकार इंग्रजी सातासारखा असतो. आता मुखपृष्ठावर १९६५ हे साल अरबी आकड्यांत छापलेलं आहे असं धरा. एक आणि नऊ आपल्याला बरोबर वाटतात, सहा हा सात वाटतो, पाच हा शून्य वाटतो. मराठी डोळा तिथे सरळ १९७० वाचतो. ‘हिवार’ १९६७ मध्ये बंद झालं हे ठाऊक असलं तर चूक लगेच कळते; ठाऊक नसेल तर मासिकाला तीन वर्षांचं खोटं आयुष्य मिळतं. सात इंग्रजी ‘व्ही’सारखा, आठ तोच उलटा, चार म्हणजे आरशात पाहिलेला तीन. दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक असतो आणि फिकट छपाईत तो दिसेनासा होतो. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण संख्या मात्र आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचायची. उर्दू वाचणाऱ्या मित्राची मदत घेत असाल तर एक लक्षात ठेवा: उर्दूतले चार, पाच, सहा वेगळे लिहिले जातात, त्यामुळे तोही नेमका तिथेच अडखळेल.

मग महिने. कैरोचा अंक ‘यनायिर, फिब्रायिर’ असे युरोपीय महिने छापतो, ते ओळखू येतात. बैरूत, दमास्कस आणि बगदादमध्ये जुनी सुर्यानी नावं चालतात. जानेवारीपासून क्रम असा: कानून अस्-सानी, शुबात, आझार, नीसान, अय्यार, हुझैरान, तम्मूझ, आब, ऐलूल, तिश्रीन अल्-अव्वल, तिश्रीन अस्-सानी, कानून अल्-अव्वल. ही यादी टेबलाच्या समोर चिकटवून ठेवा. यात दोन ‘तिश्रीन’ आणि दोन ‘कानून’ आहेत. पहिला कानून म्हणजे डिसेंबर आणि दुसरा कानून म्हणजे पुढच्या सालचा जानेवारी. ‘पहिला-दुसरा’ म्हटल्यावर दोघे एकाच सालातले वाटतात, पण त्यांच्या मधून वर्ष बदलतं. ‘हिवार’चा पहिला अंक ‘तिश्रीन अस्-सानी’चा, म्हणजे नोव्हेंबरचा. इथे ‘अस्-सानी’ न पाहता ऑक्टोबर लिहिलं तर पुढचे सगळे अंक एक महिना सरकतात.

काही अंकांवर हिजरी सालही असतं. शक आणि इसवी सन यांच्यातला ७८चा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून हिजरीसाठीही एखादा ठराविक आकडा शोधावासा वाटतो. तसा आकडा नाही. हिजरी वर्ष चांद्र आहे, त्याला अधिक महिना नाही, म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. हिजरी १३८२ हे जून १९६२ ते मे १९६३ एवढं पसरलेलं होतं. तिथे फरक ५८०चा. हिजरी १४४५ जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. तिथे फरक ५७८चा. रूपांतराचं कोष्टक वापरा, आणि अंकावर दोन्ही साल असतील तर एकमेकांशी ताडून पाहा. जुळत नसतील तर छापील चूक म्हणून दोन्ही जशीच्या तशी उतरवा. स्वतः दुरुस्त करू नका.

अंकपत्रक

आता पहिली वही. प्रत्येक अंकाला एक ओळ आणि ओळीत हे रकाने: छापील वर्ष आणि अंक क्रमांक (अरबीत ‘अस्-सना’ आणि ‘अल्-अदद’), छापील महिना-साल, रूपांतरित महिना-साल, पानं, किंमत, पत्ता, छापखाना, संपादक, परवान्याचा मालक, प्रत कुठे पाहिली, मुखपृष्ठ-मलपृष्ठ होतं का, आणि शेरा. छापील आणि रूपांतरित हे दोन वेगळे रकाने हवेतच. ते एक केले की चूक कुठे झाली हे नंतर शोधता येत नाही.

पत्रक भरल्यावर एक सोपा हिशेब करा. द्वैमासिकाचे वर्षाला सहा अंक. पहिला नोव्हेंबर १९६२चा, तर सातवा नोव्हेंबर १९६३चा, तेरावा १९६४चा, एकोणिसावा १९६५चा आणि पंचविसावा नोव्हेंबर १९६६चा यायला हवा. छापील क्रमांक या हिशेबाशी जुळला तर मासिक वेळेवर निघत होतं. घसरला तर कुठून घसरला तो महिना सापडतो, आणि पैसा, आजारपण, बंदी, संप यांची चौकशी त्या महिन्यापासून सुरू करता येते. जोडअंकाला मात्र जपा. ‘अंक २४-२५’ असं छापलं असेल तर क्रमांक दोन आणि वस्तू एक. एकूण अंक सांगताना ‘इतके क्रमांक, इतक्या पुस्तिका’ असं दोन्ही लिहा. एकाच मासिकाच्या अंकसंख्येबद्दल दोन अभ्यासकांचे दोन आकडे दिसतात तेव्हा कारण बहुधा एवढंच असतं.

मधे बंद पडून परत सुरू झालेल्या मासिकाला दोन आयुष्यं धरा. युसुफ अल्-खाल यांचं ‘शिअ्र’ हे त्रैमासिक बैरूतमध्ये १९५७ ते १९६४ चाललं, थांबलं, १९६७ मध्ये परत आलं आणि १९७० मध्ये कायमचं मिटलं. ‘१९५७ ते १९७०’ असं लिहिणं चूक आहे. मधली तीन वर्षं हीच त्या मासिकाच्या इतिहासातली बोलकी जागा आहे.

मलपृष्ठावर देशवार किमतींची यादी असते: लेबनॉन इतके क़िर्श, सीरिया इतके, इराक इतके फिल्स. ही यादी प्रत्येक अंकातून उतरवून घ्या. एखादा देश यादीतून गळला तर तिथे अंक जाणं थांबलं असावं, आणि बंदीच्या बातमीची तारीख त्याच्याशी ताडता येते. ‘हिवार’वर इजिप्तमध्ये बंदी आली होती, असा बदल टिपायला किमतीची यादी हे पहिलं ठिकाण. संपादकीयात जे कधीच येत नाही ते या चार ओळींत दिसतं.

मजकुराची सूची

मराठीत सूचीकारांची परंपरा भक्कम आहे. शं. ग. दाते यांनी ग्रंथसूचीत घालून दिलेली शिस्त इथे जशीच्या तशी उपयोगी पडते: वस्तू स्वतः पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. अनुक्रमणिकेवरून सूची करू नका. अनुक्रमणिका छपाईच्या शेवटी घाईत जुळवलेली असते, तिच्यात पानं चुकतात आणि छोट्या कविता गळतात. प्रत्येक लेखाचं पहिलं पान उघडून नोंद करा.

एका नोंदीत लेखक (छापील रूपात), शीर्षक, प्रकार, स्वतंत्र की भाषांतर, भाषांतर असेल तर कुठल्या भाषेतून आणि कुणी केलेलं, पानं, आणि क्रमशः असेल तर आधीचा-पुढचा अंक. प्रकाराचे शब्द थोडकेच आहेत: कसीदा म्हणजे कविता, किस्सा म्हणजे कथा, रिवाया म्हणजे कादंबरी, मसरहिय्या म्हणजे नाटक, मकाला म्हणजे लेख, तर्जमा म्हणजे भाषांतर. आपला तर्जुमा तोच. ‘कसीदत अन्-नस्र’ म्हणजे गद्यकविता. ‘शिअ्र’च्या वर्तुळात १९६० साली अदोनिस आणि उन्सी अल्-हाज या कवींनी या प्रकाराचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा ती ‘कविता’च्या रकान्यात टाकायची की वेगळी हा निर्णय आधी घ्या आणि शेवटपर्यंत बदलू नका.

मराठी माणसाला अरबी शब्द ओळखीचे वाटतात, आणि धोका तिथेच आहे. ‘नक्द’ म्हणजे आपलं नगद, पण वाङ्मयीन मासिकात ‘नक्द’ म्हणजे समीक्षा. ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी, निर्धन नव्हे. ‘अदब’ म्हणजे साहित्य, रीतभात हा त्याचा दुसरा अर्थ. आपल्या छापखान्यातला ‘मजकूर’ मूळ अरबीत ‘उल्लेखिलेला’ एवढाच आहे. अशा शब्दांची पाठकोऱ्या कागदावर यादी करत राहा. शे-दीडशे शब्द झाले की शीर्षकं वाचताना पाय घसरणं बरंच कमी होतं.

वाचून घेणं

स्वतःला अरबी येत नसेल तर दोन मदती लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडून घ्याव्या लागतात. मदरशात शिकलेल्या आलिमांचं व्याकरण पक्कं असतं. अरबी छपाईत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, तरी वाक्य बरोबर कसं वाचायचं ते त्यांना कळतं. दसरा चौकात राजर्षी शाहूंच्या काळात, १९०६ साली, उभं राहिलेलं मुस्लिम बोर्डिंग आहे. अशी माणसं शोधताना चौकशीची सुरुवात तिथून करायला हरकत नाही. पण १९६०च्या दशकातली बैरूतची समीक्षा हा वेगळा बाज आहे, फ्रेंच-इंग्रजीतून आलेल्या संज्ञांनी भरलेला. त्यासाठी आधुनिक अरबी साहित्य शिकलेलं कुणीतरी हवं, आणि ते बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादला भेटेल. व्हिडिओ कॉलवर काम होतं. मौलानांसमोर बसताना त्यांना मासिकाचा विषय आधी नीट सांगा. या कवितांत मिथकं आहेत, देवादिकांशी भांडण आहे, स्त्री-पुरुष संबंध आहेत. न सांगता पान पुढे करणं हा त्यांचा अवमान होईल, आणि काम मध्येच थांबेल ते वेगळंच.

संपूर्ण भाषांतर मागू नका. बैठक तासाभराची ठेवा आणि प्रत्येक लेखासाठी पाचच प्रश्न विचारा: शीर्षकाचा अर्थ काय, लेखकाची ओळख दिली आहे का, पहिल्या परिच्छेदात काय म्हटलं आहे, शेवटच्या परिच्छेदात काय, आणि दुसऱ्या कुठल्या मासिकाचा किंवा माणसाचा उल्लेख आहे का. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा, कारण उच्चार कागदावर उतरत नाही. मानधन आधी ठरवा आणि बैठक संपताच द्या.

मोबाइलवरचं यंत्रभाषांतर मजकुराचा अंदाज घ्यायला चांगलं, सूची करायला घातक. ते विशेषनामांचाही अर्थ लावतं. ‘सायिग’ म्हणजे सोनार, म्हणून संपादकाचं नाव ‘तौफीक सोनार’ होऊन येऊ शकतं. ‘अल्-खाल’ म्हणजे मामा. ‘तय्यिब सालिह’चा ‘चांगला सज्जन’ होतो. आणि स्वरचिन्हं नसल्यामुळे ‘शिअ्र’ म्हणजे कविता आणि ‘शअ्र’ म्हणजे केस ही दोन्ही अक्षरं अगदी एकसारखी छापली जातात. आख्ख्या मासिकाचं नाव ‘केस’ असं आलं तर यंत्राला दोष देऊन पुढे जा, पण ते तुमच्या वहीत उतरू देऊ नका. इजिप्तच्या छपाईत शब्दाच्या शेवटच्या ‘य’खालचे दोन ठिपके देत नाहीत, त्यामुळे ‘अली’ हे नाव आणि ‘अला’ म्हणजे ‘वर’ हे अव्यय सारखंच दिसतं. असे शब्द नेहमी माणसाकडूनच वाचून घ्या.

पैशाची वही

या वहीत प्रत्येक नोंदीला तारीख हवी, आणि दोन तारखा हव्यात: घटना कधी घडली आणि ती उघड कधी झाली. ‘हिवार’च्या बाबतीत सगळं या दुसऱ्या तारखेवर फिरतं. संस्थेचा पैसा १९६२ पासून येत होता. त्यामागे सीआयए आहे हे एप्रिल १९६६ मध्ये छापून आलं. म्हणून १९६३ मध्ये कविता पाठवणाऱ्या कवीला १९६६चं ज्ञान चिकटवता येत नाही. इजिप्तचे कथाकार युसुफ इद्रीस यांनी ‘हिवार’चं पारितोषिक नाकारलं ते १९६५ साली, म्हणजे बातमीच्या आधी. यावरून संशयाचं वारं कैरोत आधीपासून वाहत होतं एवढं म्हणता येतं. संपादकाला काय ठाऊक होतं याबद्दल कागद हाती नसेल तर एक अक्षरही लिहू नका. त्या संस्थेची दप्तरं शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ईमेलने चौकशी करताना मासिकाचं नाव, संपादकाचं नाव आणि सालं नेमकी द्या. ‘सगळं पाठवा’ असं कुणाला पाठवता येत नाही.

हे प्रकरण फक्त अरबांचं वाटू नये म्हणून मुंबईचं उदाहरण शेजारी ठेवा. ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक १९५५ साली निसिम इझिकेल यांच्या संपादनाखाली सुरू झालं ते याच संस्थेच्या भारतीय शाखेतर्फे. दोन्हींचे अंक एकाच पद्धतीने तपासले की पैशाचा ठसा मजकुरावर किती उमटतो आणि कुठे उमटत नाही हे आकड्यांत दाखवता येतं: भाषांतरं किती, कुठल्या भाषांतली, राजकीय लेख किती, स्थानिक लेखक किती.

अफवेसाठी तिसरा रकाना ठेवा. कैरोचं ‘अल्-कातिब अल्-मिस्री’ ताहा हुसैन यांच्या संपादनाखाली १९४५ ते १९४८ निघालं. भांडवल एका इजिप्शियन ज्यू कुटुंबाचं, आणि काळ पॅलेस्टाइनच्या युद्धाचा. त्यामुळे मासिकाभोवती संशय पसरला. मालकीचा कागद एका रकान्यात जाईल. संशय कुणी, कुठे, कधी छापला ते दुसऱ्यात. दोन्ही खरेच पुरावे आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींचे.

प्रतिस्पर्धी मासिक न वाचता पैशाची वही पुरी होत नाही. ‘शिअ्र’ आणि ‘हिवार’ यांचा प्रतिस्पर्धी म्हणजे सुहैल इद्रीस यांचं बैरूतमधलंच ‘अल्-आदाब’, १९५३ पासूनचं, अरब राष्ट्रवादाशी बांधिलकी मानणारं. तुमच्या मासिकाच्या प्रत्येक अंकानंतरचे ‘अल्-आदाब’चे दोन-तीन अंक चाळा. आरोप तिथे सापडतात, आणि उत्तर तुमच्या मासिकात न येता तिसरीकडेच छापलेलं असतं.

बंद पडणं कसं लिहावं

शेवटच्या अंकाला आपण शेवटचे आहोत हे ठाऊक असतंच असं नाही. त्यात ‘पुढील अंकात’ अशी जाहिरात असेल तर ती शब्दशः उतरवा. मासिक अचानक थांबलं याचा तो सगळ्यात चांगला पुरावा. बंद झाल्याचं निवेदन वेगळ्या तारखेला, बहुधा दैनिकात येतं. शेवटचा अंक, बंदचं निवेदन आणि कारणीभूत घटना या तीन तारखा वेगळ्या मांडा. मोरोक्कोतलं ‘सूफ्ल’ १९६६ साली फ्रेंचमध्ये सुरू झालं, १९७१ मध्ये त्याचं अरबी भावंड ‘अन्फास’ निघालं आणि जानेवारी १९७२ मध्ये संपादक अब्दुल्लतीफ लाबी यांना अटक झाली. ते १९८० पर्यंत तुरुंगात होते. तिथे कारण आणि तारीख एकच आहे. ‘हिवार’मध्ये बातमी आणि शेवट यांच्या मधे कित्येक महिने आहेत, आणि कादंबरीची पहिली छपाई नेमकी त्या महिन्यांत येते. हे महिने अंकागणिक लिहा, एका वाक्यात उरकू नका.

उतारे देताना कायदा पाळा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. सायिग १९७१ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या कविता २०३१ अखेरपर्यंत संरक्षित. तय्यिब सालिह २००९ मध्ये गेले. त्यांच्याबाबत अजून बराच काळ जायचा आहे. चर्चेसाठी चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही. आख्खी कविता मराठीत आणून छापायची तर परवानगी लागेल.

देवनागरीत नावं लिहिण्याचं कोष्टक पहिल्या दिवशी करा: घशातल्या क ला नुक्ता देणार की नाही, ‘अल्-’ जोडून की संयोगचिन्हाने, आणि पुढचं अक्षर स, श, न, त, र यांपैकी असलं की ‘अल्’चा ‘ल’ जातो हे उच्चाराप्रमाणे लिहिणार का. इराकी कवीचं नाव बद्र शाकिर अस्-सय्याब असं एकदा लिहिलं तर दुसऱ्या पानावर अल्-सय्याब नको.

सूची पुरी झाली की तिच्या दोन प्रती काढा आणि एक करवीर नगर वाचन मंदिरात आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या. पहिल्याच पानावर, मासिकाच्या नावाच्याही आधी, तुम्ही स्वतः न पाहिलेल्या अंकांची यादी छापा, आणि ज्या अंकांची मुखपृष्ठं मिळाली नाहीत त्यांची दुसरी. ते अंक पुढे कुणाच्या हाती लागले तर त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.